फ्लॅट परवडत नाही, मग कंटेनरचं घर का नको?

माळरान:
५० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता ४३ हजारांच्या वर जातो. फिटेपर्यंत बँकेला १ कोटी ४ लाख दिलेले असतात. पुण्यात एवढं करून मिळतो वन बीएचके, तोही गावाबाहेर. दोघांच्या संसाराला ४० फुटी कंटेनर पुरतो असं माझं ठाम मत आहे. रुंदी ८ फूट, म्हणजे ३२० चौरस फूट. खाली काँक्रीटचे पाये घालायचे, वर क्रेनने डबा ठेवायचा. उद्या जागा सोडावी लागली तर घर ट्रेलरवर घालून नेता येतं. उमेदीची वीस वर्षं हप्त्यांत घालवणं मला मान्य नाही.

कौलारू:
जागेचा विषय तुम्ही घेतलाच नाहीत, आणि खरा खर्च तिथेच आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असल्याचा दाखला लागतो. सुटा गुंठा घ्यावा तर जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकायला मनाई करणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. काही भागांत सवलती मिळाल्या असल्या, तरी सामायिक सातबाऱ्यावर नाव लावून घेतलेली माणसं आजही तलाठ्याकडे खेटे घालताहेत. एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट घेतलात तर त्यावर पक्कं घर बांधायला गृहकर्ज मिळतं. कंटेनरला बहुतेक बँका ते देत नाहीत. मग वैयक्तिक कर्ज काढायचं, तेही चढ्या व्याजाने. शिवाय मे महिन्यात लोखंडी पत्रा किती तापतो!

माळरान:
पत्र्याला आतून पफ पॅनेल, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमच्या पाट्या लावतात, वर फूटभर अंतर सोडून दुसरं छप्पर घालतात. उन्हाचा प्रश्न सुटतो.

कौलारू:
सुटतो, पण खर्च वाढतो आणि आतली रुंदी सात फुटांवर येते. त्यात पलंग टाकून कपाट उघडून बघा.

दोनपाखी:
गावठाणात वडिलोपार्जित जागा असेल तर विटांचंच घर स्वस्तात होतं. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रॅट-ट्रॅप पद्धतीच्या भिंती रुळवल्या. वीट कडेवर उभी लावायची, दोन थरांमध्ये पोकळी ठेवायची. भिंत नऊ इंचीच राहते, विटा साधारण पाव हिश्श्याने वाचतात, पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत कमी येतं. बांधकाम नीट असेल तर गिलावाही लागत नाही. स्लॅबच्या खालच्या बाजूला ताण सळया घेतात, काँक्रीट नाही. म्हणून तिथे मंगलोरी कौलं भरली की सिमेंट वाचतं आणि वजनही घटतं. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या इमारती अशाच विचाराने बांधल्यात. अडचण गवंड्यांची आहे. आपल्याकडे हे काम येणारे हात कमी आहेत, त्यामुळे पहिली भिंत समोर उभं राहून करून घ्यावी लागते.

चाळकरी:
गावातलं घर छानच. पण ज्याची नोकरी परळला आहे त्याने काय करायचं? मुंबईत हेवी डिपॉझिट हाच मध्यममार्ग आहे. मालकाला एकरकमी मोठी अनामत द्यायची, भाडं शून्य किंवा नावापुरतं, सोडताना पूर्ण रक्कम परत. घर नावावर होत नाही, पण मुलांची शाळा जवळ राहते आणि डोक्यावर कर्ज नसतं.

कौलारू:
यालाही माझा विरोध आहे. मालकाने तेच घर बँकेकडे गहाण ठेवलेलं असेल आणि त्याचे हप्ते थकले, तर तुमची अनामत गेली म्हणून समजा. बँकेचा हक्क आधी लागतो. व्याजाचं नुकसान होतं ते वेगळंच.

चाळकरी:
म्हणून करार नोंदवायचा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. अनामतीचा पूर्ण आकडा त्यात लिहून घ्या, रक्कम चेकनेच द्या आणि घरावर बोजा आहे का ते सोसायटीकडे विचारा. अर्धे पैसे रोख मागणाऱ्या मालकाचं घर कितीही आवडलं तरी सोडून द्या.

माळरान:
अनामत देण्याएवढी रक्कम हाताशी असेल तर त्यात तालुक्याच्या गावी एनए प्लॉट येतो. मी तोच घेईन, डबा नंतर ठेवीन.