मदत हवी आहे: ब्रिटनमधले जमैकन आणि नेपाळी, तुलना नेमकी कशाची करू?

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी लंडनच्या आग्नेय टोकाला, वूलिचजवळ राहते. मूळची साताऱ्याकडची. आठवड्याला चार पाळ्या एका वृद्धाश्रमात केअरर म्हणून काम करते आणि उरलेल्या वेळात समाजकार्याची पदवी रेटते आहे. या सत्रात तीन हजार शब्दांचा निबंध आहे: ब्रिटनमधल्या दोन स्थलांतरित समाजांच्या आर्थिक आणि सामाजिक स्थितीची तुलना. वर्गातल्या बऱ्याच जणांनी भारतीय-पाकिस्तानी नाहीतर पोलिश-रुमानियन घेतले. मी जमैकन आणि नेपाळी घेतले, कारण सकाळी सात ते रात्री आठ मी त्यांच्यातच असते. लुईशमच्या बाजूने जमैकन, प्लमस्टेडच्या बाजूने नेपाळी, आणि मध्ये मी चहाची ट्रॉली ढकलतेय.

आराखडा दिला, तो बाईंनी परत पाठवला. उत्पन्न, घर, शिक्षण, नोकरी, आरोग्य असा तक्ता केला होता, डावीकडे जमैकन, उजवीकडे नेपाळी. खाली शेरा: 'तक्ता झाला. तुलना कुठे आहे?' राग आला, पण बसमध्ये बसल्यावर पटलं.

अडचण अशी की हे दोन समाज एकाच दारातून आत आलेले नाहीत. २२ जून १९४८ ला एम्पायर विंडरश जहाजातून टिलबरीला उतरलेला जमैकन माणूस कायद्याने परदेशी नव्हताच. त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्याने वसाहतीतली प्रजाही ब्रिटिश नागरिक ठरली. १९५२ मध्ये अमेरिकेने वेस्ट इंडियन लोकांसाठी दार जवळपास लावून घेतलं, तेव्हा ओघ इकडे वळला. १९६२ च्या कायद्याने इकडचंही दार आकसलं. म्हणजे मोठा लोंढा पंधरा वर्षांतच येऊन गेला. आज त्यांची नातवंडं-पतवंडं इथली आहेत. जमैकात जन्मलेली पिढी आमच्या वृद्धाश्रमात आहे.

नेपाळी गोरख्यांचं सगळंच वेगळं. ब्रिटिश सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली, पण मुख्यालय हाँगकाँगला, घर नेपाळात. १ जुलै १९९७ ला हाँगकाँग सुटलं आणि मुख्यालय ब्रिटनला आलं. त्या तारखेनंतर निवृत्त झालेल्यांना २००४ मध्ये इथे स्थायिक होण्याची वाट मिळाली. आधी निवृत्त झालेल्यांना मात्र २००९ मध्ये अभिनेत्री जोआना लुम्लीने रान उठवल्यावर. म्हणजे काही लोक इथे आले तेच साठी-सत्तरीत. इंग्रजी जेमतेम, पेन्शन तुटपुंजी, थंडी वैरी. ऑल्डरशॉटला, त्या लष्करी छावणीच्या गावात, बाकांवर बसलेले टोपीवाले आजोबा पाहिलेत ना कुणी? तेच.

पेन्शनचं तर मला नीट कळतं, कारण माझे वडील आपल्या सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १९४७ च्या त्रिपक्षीय करारात दहा गोरखा रेजिमेंटींपैकी सहा भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनकडे गेल्या, आणि ब्रिटिश गोरख्यांची पेन्शनसुद्धा भारतीय सैन्याच्या दराला बांधली गेली. त्या हिशोबात साताऱ्यात संसार होतो. लंडनमध्ये खोलीचं भाडंसुद्धा सुटत नाही.

तर प्रश्न:
एक, १९५५ ला आलेल्या आजी आणि २०१० ला आलेले आजोबा एका तक्त्यात कसे बसवू?
दोन, आकडे कुठे मिळतील? जमैकन सगळीकडे 'ब्लॅक कॅरिबियन'मध्ये मिसळलेले दिसतात.
तीन, तुलनेचा धागा नेमका कोणता धरू?

दोन आठवडे आहेत. आगाऊ आभार.

क्रिकेटवेडा
जमैका म्हटलं की आम्हाला सबिना पार्क आणि १९७६ मध्ये आपल्या फलंदाजांची हाडं मोडणारा होल्डिंग आठवतो. उपयोग शून्य, पण धागा वर आणला. चालू द्या.

आकडेमोड्या
ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते सोपं आहे. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत वांशिक गटांचं सविस्तर वर्गीकरण आहे, त्यात 'नेपाळी (गोरख्यांसह)' असा वेगळा गट सापडेल. नोमिस या सरकारी आकडेवारीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. जमैकनांसाठी 'जन्मदेश: जमैका' बघा. पण तिथेच खड्डा आहे. जन्मदेशाने मोजलंत तर फक्त म्हातारी पिढी हाती लागते, आणि 'ब्लॅक कॅरिबियन' घेतलंत तर इथे जन्मलेले तर येतातच, शिवाय बार्बाडोस-त्रिनिदादवालेही येतात. म्हणजे डाव्या आणि उजव्या रकान्यात मोजपट्टीच वेगळी. हे निबंधात सरळ लिहा, लपवू नका. बाई खूश होतील.

दुसरं, सरासरी उत्पन्न अजिबात वापरू नका. एका समाजात पेन्शनर आणि चौथी पिढी, दुसऱ्यात पेन्शनर आणि पंचविशीतले विद्यार्थी. सरासरी काढली तर ती कुणाचीच नसेल. वयोगट पाडून घ्या. घराची मालकी मात्र वापरण्यासारखी आहे: २०१६ ते २०१८ च्या सरकारी आकड्यांत भारतीय कुटुंबांपैकी ७४ टक्के स्वतःच्या घरात होती, गोऱ्या ब्रिटिशांपैकी ६८ आणि ब्लॅक कॅरिबियनांपैकी ४०. सत्तर वर्षं इथे राहून ४० का, हा खरा प्रश्न.

देवगडची पेटी
मी अभ्यासक वगैरे नाही, आंब्याची बाग आहे. पण नेपाळी माणसं आमच्या रोजच्या पाहण्यातली. मोसमात रत्नागिरी-देवगडच्या बागांत राखणीला, फवारणीला, काढणीला तेच असतात. आपण त्या सगळ्यांना सरसकट 'गुरखे' म्हणतो, आणि तिथेच आपली गफलत होते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणाच्याही घरात सैन्यात कुणी नाही.

ब्रिटिश भरती मुख्यतः गुरुंग, मगर, राई, लिंबू या जमातींतून व्हायची. नेपाळात परदेशी पलटणीतल्या माणसाला 'लाहुरे' म्हणतात, पूर्वी लाहोरला जाऊन भरती व्हायचे म्हणून. लाहुऱ्याच्या घरी पैसा, पोखऱ्यात पक्कं घर. म्हणजे इथे गरीब दिसणारे ते आजोबा गावी मान असलेले. आणि हल्ली विद्यार्थी म्हणून येणारी पोरं वेगळ्याच घरांतली, त्यात बाहुन-छेत्री (तिकडचे ब्राह्मण-क्षत्रिय) बरेच. ताई, तुमच्या 'नेपाळी' रकान्यात निदान दोन समाज आहेत बघा.

क्वीन्सची भाजीवाली
(भाजी विकत नाही, नाव जुनं आहे.)

मी न्यूयॉर्कला. इथे तेच दोन समाज वेगळेच दिसतात, म्हणून लिहिते. जमैकन इकडे खरे आले ते अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर, आणि त्यात बायका पुढे होत्या. नर्स, घरी येऊन रुग्णांची देखभाल करणाऱ्या. ब्रुकलिनचं फ्लॅटबुश, ब्रॉन्क्सचं वेकफील्ड त्यांचं. इंग्रजी येतं, युनियनमध्ये आहेत. नेपाळी आले नव्वदीनंतर, कुणी शिकायला, कुणी व्हिसाच्या लॉटरीतून. जॅक्सन हाइट्सला मोमोच्या गाड्या, नेल सलूनमध्ये बायका, टॅक्सीवर पुरुष. नेपाळात मास्तर असलेला माणूस इथे पेट्रोल पंपावर रात्रपाळी करतो, हे अगदी नेहमीचं. २०१५ च्या भूकंपानंतर काहींना तात्पुरता परवाना मिळाला होता, तोही २०२५ मध्ये काढून घ्यायचं सरकारने ठरवलं.

अमेरिकेचा आकडा वापरलात तर एक सावधगिरी: ओहायोतल्या कोलंबसला नेपाळी बोलणारे हजारो लोक आहेत, पण ते भूतानमधून हाकललेले ल्होत्शाम्पा. वीसेक वर्षं झापा-मोरंगच्या छावण्यांत काढून २००८ पासून आलेले निर्वासित. भाषा एक, कहाणी निराळी.

बाकी तुम्हाला एकच विचारते. पैसा कुठे ठेवतात ही माणसं? बँकेत कोण उभं करत होतं त्यांना? ते विचारून बघा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. भाजीवाल्या ताईंचा प्रश्न घेऊन काल पाळीवर गेले.

आमच्याकडे एक जमैकन आजी आहेत, नव्वदीच्या घरात, नर्स म्हणून आयुष्य गेलं. त्यांना विचारलं, घर कसं घेतलंत? म्हणाल्या, 'पार्डनर.' पन्नाशीच्या दशकात काळ्या माणसाला कर्ज तर सोडाच, भाड्याने खोली मिळायची मारामार. मग ओळखीतले लोक दर आठवड्याला ठरावीक रक्कम एका बाईकडे द्यायचे. तिला म्हणायचे बँकर. प्रत्येकाचा हप्ता म्हणजे 'हँड', आणि पाळीपाळीने सगळी रक्कम एकाला, तो 'ड्रॉ'. त्यातून घराचं पहिलं डिपॉझिट.

मी म्हटलं, आजी, ही तर भिशी!

संध्याकाळी सोबतच्या नेपाळी दिदींना हे सांगितलं, तर त्या हसायलाच लागल्या. त्यांच्यात 'धुकुटी'. मूळ थकाली व्यापाऱ्यांची पद्धत म्हणे, पण आता सगळ्यांत. प्लमस्टेडला त्यांच्या गटात बाराजणी आहेत, त्यातल्या दोघींनी उपाहारगृहात भागीदारी घेतली ती यातूनच. फरक एवढाच की काही धुकुट्यांत बोली लागते. ज्याला नड जास्त तो कमी रकमेवर आधी उचलतो, वाचलेला पैसा बाकीच्यांना. आमच्या आत्याच्या लिलाव भिशीत डिट्टो हेच.

आजींनी आणखी एक सांगितलं ते डोक्यातून जात नाही. कॅरिबियन मुलींना बऱ्याचदा तीन वर्षांच्या नोंदणीकृत नर्सऐवजी दोन वर्षांच्या कोर्सला ढकललं जायचं. काम तेच, पण बढती अडायची, आणि परत जमैकात गेलं तर त्या कागदाला किंमत नाही. 'मी परत गेले नाही असं नाही, मला परत जाता येईना.' दिदी नेपाळात बीएड आहेत. इथे त्यांच्या बीएडला कुणी विचारत नाही.

म्हणून आता तक्ता फाडला. समाज डावीकडे-उजवीकडे न ठेवता प्रश्न असा धरते: आत येताना हातात कोणता कागद होता, आणि त्या कागदाने पुढे काय दिलं, काय अडवलं. जमैकन लोक ब्रिटनचेच नागरिक म्हणून आले, म्हणून वेगळा कागद कुणी दिला नाही. १९७३ च्या आधी आलेल्यांना राहण्याचा हक्क होता, पण पुरावा नव्हता, आणि त्यांची जुनी लँडिंग कार्डं (बंदरावर उतरतानाची नोंद) गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली. पुढे घरमालक, मालक, दवाखाना, सगळ्यांनी कागद मागायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये हे 'विंडरश प्रकरण' फुटलं. निदान ८३ जणांना चुकीने देशाबाहेर काढलं होतं. गोरख्यांचं उलट. त्यांच्या सेवेचा कागद न्‌ कागद लष्कराकडे आहे, पण त्यावरच्या निवृत्तीच्या तारखेने पेन्शन ठरते. त्याचसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये डाउनिंग स्ट्रीटसमोर तेरा दिवस उपोषण झालं.

आणि मुलं. जमैकन आया मुलांना आजीकडे ठेवून आल्या, कपडे-खाऊ पिंपात भरून पाठवत राहिल्या. गोरख्यांकडे म्हातारे आईबाप इथे आणि अठराच्या वर गेलेली मुलं व्हिसाअभावी तिकडे. दिदींचे सासरे रोज सकाळी पोखऱ्याला फोन लावतात.

आकडेमोड्या
आता झाली तुलना. पाठवलेला पैसाही जोडा: जमैकाच्या राष्ट्रीय उत्पन्नात बाहेरून येणारा पैसा साधारण पाचवा हिस्सा, नेपाळच्या साधारण चौथा. दोन्ही देश माणसं पाठवून चालतात. आणि नवा कागद विसरू नका: केअररची परदेशातून नवी भरती जुलै २०२५ पासून बंद आहे. तुमच्या दिदींच्या मागून येणारं दार लागलं.

धागाकर्ती
हो, त्यांची धाकटी बहीण त्यातच अडकली.

एक शेवटची शंका. आजी आणि दिदी गप्पांत बोलल्या, मुलाखत म्हणून नाही. हे निबंधात घालू का?

क्वीन्सची भाजीवाली
नाही. विद्यापीठाची नैतिक परवानगी आणि त्यांची लेखी संमती असल्याशिवाय एक ओळही नको. आणि वृद्धाश्रमातली व्यक्ती असेल तर आणखी काटेकोर. भिशीवर छापील अभ्यास भरपूर आहेत, ते वापरा. बाईंना आजच मेल करा, संमतीचे अर्ज वेळ खातात.

धागाकर्ती
केला. आणि दिदींनी पुढच्या महिन्यापासून धुकुटीत तेरावी म्हणून मला घेतलंय. आधी उचलायची की शेवटी, हे नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, नवऱ्याला कशाला सांगतेस?