वाडीवरच्या मुलांची खरूज: लांबून डॉक्टरांना कशी दाखवावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही धायरीतले काही जण वेल्ह्याकडच्या (आता राजगड तालुका) एका वाडीवर रविवारी मुलांचा अभ्यास घ्यायला जातो. पावसाळ्यापासून तिथली बरीच पोरं खाजवतायत. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला बारीक पुरळ, रात्री खाज जास्त, काहींच्या फोडांत पू. फोटो बघून ओळखीचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, खरूज वाटतेय, पण त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

पुण्याला ससून रुग्णालयात न्यायचं तर घरच्या एकाची मजुरी बुडते. म्हणून लोक मेडिकलमधून ट्यूब आणतात. एका घरात पाहिली तर क्लोबेटासोल, म्हणजे तगडं स्टेरॉइड. चिठ्ठीशिवाय ते मिळायलाच नको! त्याने खाज दबते, खरजेचा किडा मरत नाही. वर खरूज की नायटा हे ओळखणंही अवघड होऊन बसतं.

ई-संजीवनी (व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारी सेवा) माहीत आहे, आरोग्य उपकेंद्रातल्या ताई कॉल लावून द्यायलाही तयार आहेत. पण उपकेंद्र खाली गावात, आणि वाडीवर रेंज नाही. खिंडीत आलं की येते, तीही व्हिडिओ चालेल इतकी नाही. त्यामुळे फोटो आधी काढून ठेवायचे आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवायचे, एवढंच जमेल. फोटोंवरून बघणारे लहान मुलांच्या त्वचेचे डॉक्टर पुण्यात कुणाच्या माहितीत आहेत का? सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तर उजेड कसा घ्यावा? कमरेखालचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला मन धजत नाही, त्याला काय करता? आणि २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत १६ वर्षांपर्यंतच्या मुलासोबत मोठं माणूस हवं म्हणतात. दिवसा आईवडील कामावर असतात. आजी चालेल ना?

माझ्या मते खरी अडचण पुढेच आहे. पर्मेथ्रिन ५ टक्के (खरजेचा किडा मारणारं मलम) रात्री अंगभर लावून सकाळी धुवायचं, आठवड्याने परत, हे समजतं. पण ते घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायला हवं, खाज असो वा नसो. इथे चार भावंडं एका गोधडीत झोपतात. एकाच पोराच्या नावाने चिठ्ठी मिळाली तर काय उपयोग? अख्ख्या वाडीसाठी एकदम औषध प्राथमिक आरोग्य केंद्रातून कुणी मिळवलंय का? अर्ज कुणाच्या नावाने केला? तान्ही बाळं आणि गरोदर बायकांचं डॉक्टरांनाच विचारणार आहोत.

एका मुलीच्या दंडावर फिकट चट्टा आहे, कुष्ठरोग तर नाही ना अशी शंका येते. तिथे स्पर्श कळतो की नाही, हे फोटोत कसं दिसणार? तिला मात्र प्रत्यक्षच नेतोय.

कृपया औषधं सुचवू नका. असं काम कुणी केलं असेल तर ते कसं जमवलं, तेवढं सांगा.