नटक्रॅकरमधला चहा आणि कॉफी: नाच बदलावेत का?

निळावंती (धागाकर्ती):
थँक्सगिव्हिंग उरकलं की इकडे न्यू जर्सीत आमच्या मराठी पालकांच्या गटावर 'नटक्रॅकर' या नाताळातल्या बॅलेच्या तिकिटांची चर्चा सुरू होते. यंदा जुंपली ती मात्र नाचावरून. एका बॅले शाळेने जाहीर केलं, की दुसऱ्या अंकातला चिनी नाच यापुढे जुन्या पद्धतीने होणार नाही, वेशभूषा आणि हालचाली दोन्ही नव्या येतील. झालं! "आता परीकथेतही राजकारण" पासून "बरं झालं, उशिरा का होईना सुचलं" पर्यंत सगळं बोलून झालं. गटावर माणसं दुखावतात, म्हणून इथे धागा काढतेय.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी छोट्या क्लाराला (काही प्रयोगांत ती मारी, रशियात माशा) ड्रोसेलमायर नावाचा विक्षिप्त म्हातारा अक्रोड फोडायचा लाकडी बाहुला भेट देतो. मध्यरात्री ख्रिसमसचं झाड वाढतच जातं, उंदरांची आणि खेळण्यातल्या शिपायांची लढाई होते, बाहुल्याचा राजपुत्र होतो आणि दोघं बर्फातून मिठाईच्या राज्यात पोहोचतात. तिथे शुगर प्लम फेरीच्या दरबारात एकेक पदार्थ नाचून जातो. चॉकलेट म्हणजे स्पेन, कॉफी म्हणजे अरबस्तान, चहा म्हणजे चीन. संगीत चायकोव्हस्कीचं, पहिला प्रयोग डिसेंबर १८९२, सेंट पीटर्सबर्गचं मारिन्स्की थिएटर.

चहाच्या नाचात वर्षानुवर्षं काय दाखवत आले? लोंबत्या मिशा, रंगवलेले तिरपे डोळे, तर्जन्या वर करून मान डोलावणं, तुरुतुरु पावलं. न्यू यॉर्क सिटी बॅलेने २०१७ मध्ये यातलं बरंच काढलं. त्याच वर्षी फिल चॅन आणि त्या कंपनीची नर्तिका जॉर्जिना पाझकोगिन यांनी हे सगळीकडेच थांबवा म्हणून मोहीम सुरू केली. सिअ‍ॅटलच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅलेने तर २०२१ पासून चहाच्या नाचात हिरवा रातकिडा आणला. माझं मत सरळ आहे: बदलावं. एवढ्याने नटक्रॅकर काही कोसळत नाही.

आडगावचा_शहाणा:
धागा काढलात ते उत्तम, मत मान्य नाही.

मिठाईचं राज्य हा काही भूगोलाचा तास नाही. एका मुलीच्या स्वप्नात चॉकलेट, कॉफी, चहा येतात, कारण त्या काळच्या युरोपात या वस्तू दुरून येत आणि 'दूर' म्हटलं की मुलाच्या डोक्यात रंगीत काहीतरी उभं राहतं. स्पेनचा नाचही तितकाच बेगडी आहे. ट्रेपाक या रशियन नाचात उड्या मारणारा मुझिक, म्हणजे तिथला शेतकरी, हे रशियाचं वास्तव चित्र का? त्यावर कुणी मोहीम काढत नाही.

दुसरं. त्या चहाच्या नाचाला जेमतेम एक मिनिट लागतं. एका मिनिटासाठी बर्लिनच्या सरकारी बॅले कंपनीने २०२१ च्या हिवाळ्यात अख्खा नटक्रॅकर कार्यक्रमातून काढून टाकला. तोही १८९२ च्या मूळ प्रयोगाची पुनर्रचना म्हणून मुद्दाम मेहनतीने उभा केलेला. यात कुणाचं भलं झालं? त्या वर्षी बर्लिनच्या पोरांना ना चहा मिळाला ना मिठाई.

आणि तिसरा प्रश्न, याचं उत्तर द्याच. मिशा काढाल, टोप्या काढाल, रातकिडा आणाल. पण तो खालचा टकटक ठेका आणि वर चिवचिवणारी बासरी, ते तर संगीतातच आहे. चायकोव्हस्कीला कात्री लावणार का?

गंपूची_आई:
तिकिटं केवढ्याला मिळतात हो हल्ली? बाकी चालू द्या.

मंद्र:
शहाणे, संगीताचा मुद्दा काढलात म्हणून लिहितो. चहाच्या नाचात बासून (खर्जातली फुंकवाद्यं) खाली एकसुरी ठोके देत राहतात, त्यांच्या डोक्यावरून फ्लूट सरकन वर जाते आणि तंतुवाद्यं तारा छेडून उत्तर देतात. चिनी संगीताशी याचा संबंध नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियन माणसाने चिनी मातीच्या भांड्यावरचं चित्र बघून कल्पना करावी तसं आहे ते.

कॉफीचं तर याहून गमतीचं. तो 'अरबी' नाच जॉर्जियातल्या एका अंगाईवरून घेतलेला आहे. म्हणजे चाल कॉकेशसची, बाळाला झोपवायची, आणि रंगमंचावर तिच्यावर पोट उघडं टाकून बाई नाचतेय. त्या स्वरांत मादकपणा शोधणारे लोक बघितले की मला हसू येतं. व्हायोलिनांवर आवाज दाबणारी कळ चढवून, खाली एकच स्वर धरून ठेवलाय. डोळे मिटून ऐका, झोप येईल.

माझं खरं मत दोन्ही पक्षांना आवडणार नाही. नाच सोडा, संगीत ऐका. चायकोव्हस्कीने यातले निवडक तुकडे जोडून केलेली सूट बॅलेच्या आधीच, १८९२ च्या मार्चमध्ये वाजली आणि लोकांनी ती लगेच डोक्यावर घेतली. डिसेंबरात बॅले आला तेव्हा मात्र समीक्षकांनी नाकं मुरडली: रंगमंचभर पोरंच पोरं, लढाईत नुसता गोंधळ, आणि मुख्य नर्तिकेला खरं काम मिळतं ते पार शेवटी. मुख्य नृत्यरचनाकार मारियुस पेतिपाने कुठे किती बारांचं (तालाच्या किती आवर्तनांचं) संगीत हवं इथपर्यंत सूचना लिहून दिल्या होत्या, मग तो आजारी पडला आणि नृत्यरचना लेव्ह इव्हानोव्हच्या गळ्यात आली. चायकोव्हस्कीलाही काम चालू असताना वाटत होतं, की हे आपल्याच आधीच्या 'स्लीपिंग ब्यूटी' बॅलेच्या पासंगाला पुरणार नाही.

आणि तरी काय करून ठेवलंय! सुरुवातीच्या ओव्हर्चरमध्ये चेलो आणि डबल बास गप्प, त्यामुळे सगळा वाद्यवृंद खेळण्याएवढा होऊन जातो. शुगर प्लम फेरीला सेलेस्टा, म्हणजे घंट्यांसारखं किणकिणणारं पट्ट्यांचं वाद्य. ते वाद्य तेव्हा अगदी नवं होतं. १८९१ मध्ये पॅरिसला त्याने ते ऐकलं आणि प्रकाशकाला लिहिलं, की एक मागवा पण गुपचूप, रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या दुसऱ्या संगीतकारांना वास लागता कामा नये. पा द दूची (जोडीच्या नाचाची) मोठी धून म्हणजे वरून खाली उतरणारं साधं सप्तक. संगीताच्या पहिल्या धड्यातलं. त्यातून एवढं दुःख कसं काढलं हे मला अजून उलगडलेलं नाही. त्याच वर्षी त्याची बहीण साशा गेली होती.

चकलीबाई:
+१ सेलेस्टाला. बाकी मंद्र यांनी नेहमीप्रमाणे धागा मैफलीकडे वळवला.

वेंधळी:
मी बॉस्टनजवळ राहते, मुलगी बॅले शिकते, मी दर डिसेंबरला विंगेत केसांच्या पिना घेऊन उभी असते. तुमची चर्चा वाचून वाटलं, की नटक्रॅकर का टिकलाय हेच कुणी बोलत नाहीये.

तो मुलांवर टिकलाय. १८९२ मध्ये ज्या पोरांमुळे समीक्षक वैतागले, तीच आज तिकीटबारी चालवतात. पार्टीतली मुलं, उंदीर, शिपाई, देवदूत, मदर जिंजरच्या घेरदार झग्याखालून बाहेर पडणारी चिल्लीपिल्ली. एका पोरामागे आई, बाबा, आजी, आजोबा, शेजारी. न्यू यॉर्क सिटी बॅलेमध्ये मुलांचे दोन वेगळे संच आलटून पालटून नाचतात. अमेरिकेतल्या कित्येक कंपन्या वर्षभर जे नवे, अवघड प्रयोग करतात त्याचा खर्च या एका महिन्यातून निघतो. २०२० मध्ये कोविडने डिसेंबर गेला तेव्हा त्यांची कंबर मोडली.

आता शहाणे, तुमच्या एका मिनिटाबद्दल. ते एक मिनिट नाचायला कुणाला उभं करतात? आधीच्या शाळेत मी हे बघितलंय. पूर्व आशियाई चेहऱ्याची मुलगी असली की तिला चहा. माझ्या लेकीला कॉफी दिली आणि वर सांगितलं, "तिच्यावर शोभून दिसेल." ती तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला स्नोफ्लेक्समध्ये, म्हणजे बर्फाच्या नाचात, जायचं होतं, पंधरा मुलींसोबत एका रांगेत. आम्ही शाळा बदलली.

आडगावचा_शहाणा:
वेंधळी, हे वाचून वाईट वाटलं, आणि शाळा बदललीत ते योग्य केलंत. पण मला सांगा, यात दोष कुणाचा? भूमिका वाटणाऱ्याचा. उद्या चहाचा रातकिडा केला तरी तोच माणूस त्याच मुलीला रातकिडा करेल. नाच बदलून माणूस बदलत नाही.

वेंधळी:
करेल की. पण मग रातकिडा 'शोभून दिसतो' म्हणायला त्याला तोंड राहणार नाही.

काळाघोडा_लोकल:
मुंबईत बसून लिहितोय, तेव्हा जरा आपल्या अंगणातलं बोलू. नटक्रॅकरच्या एका मिनिटावर एवढं, तर 'ला बायादेर' या बॅलेचं काय? तोच पेतिपा, १८७७, संगीत मिंकुसचं. गोवळकोंड्याचा राजा, देवळातली नर्तकी निकिया, शूर सोलोर, मत्सरी राजकन्या, फुलांच्या परडीत नाग. देवळापुढे नाचणाऱ्या आपल्या बायका तिथे युरोपियन वॉल्ट्झवर गिरक्या घेतात. आणि अज्ञानाचं निमित्तही नाही. १८३८ मध्ये पाँडिचेरीजवळच्या खऱ्या देवदासी पॅरिसला जाऊन नाचून आल्या होत्या, तेओफिल गोतिए या फ्रेंच लेखकाने त्यांच्यावर भरभरून लिहिलंय. चाळीस वर्षांनी रंगमंचावर त्यातलं काय उरलं? नाव आणि नाकातली नथ.

तरीही. त्यात सोलोर अफू ओढून झोपतो आणि निकियाची छाया त्याला दिसते. एकेक नर्तकी उतारावरून एकच हालचाल करत खाली येते, मग दुसरी, मग तिसरी, पांढऱ्या आकृत्यांची रांग संपतच नाही. बॅलेत याहून सुंदर फार थोडं आहे. हे बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहणार नाही, भारतीय म्हणून तर नाहीच. मला ते बघायला हवंय, आणि त्यांनी आपल्याला काय समजून घेतलं होतं हेही दिसायला हवंय. खोडरबर फिरवलं की दोन्ही गेलं.

निळावंती:
काळाघोडा, खोडरबर कोण फिरवतंय? छायांच्या प्रवेशाला कुणी हात लावा म्हणत नाही. काळं रंगवलेलं तोंड घेऊन नाचणारी पोरं मात्र बायादेरमध्येही मला नकोत. तुम्हाला हवीत का?

शहाणे, 'मूळ' हा शब्द तुम्ही फार जपून ठेवलाय, पण नटक्रॅकरमध्ये मूळ शिल्लक आहे किती? इव्हानोव्हची रचना तुकड्यातुकड्यांनीच हाती आलीय. आज अमेरिका ज्याला नटक्रॅकर म्हणते तो मुख्यतः न्यू यॉर्कचा नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलेन्शिनचा, १९५४ चा. त्याच्या पहिल्या प्रयोगात कॉफी म्हणजे हुक्का ओढणारा पुरुष आणि भोवती पोपट झालेली मुलं. १९६४ मध्ये त्याने स्वतःच ते काढलं आणि एका बाईचा नाच घातला. प्रेक्षकांतल्या बापांची झोप उडावी म्हणून, असं सांगतात. म्हणजे बापांसाठी नाच बदलला तेव्हा परंपरा शाबूत होती, आणि मुलींसाठी बदलायचा म्हटलं की मोडते?

मंद्र:
टाळ्या. (अंगाईवर. परत एकदा लक्षात घ्या, अंगाईवर.)

चकलीबाई:
सगळे चहाकॉफीत अडकलेत म्हणून मी दुसरी कुरकुर करते. मूळ कथा ई. टी. ए. हॉफमनची, १८१६ ची, आणि ती चांगलीच भीतीदायक आहे. उंदरांच्या राजाला सात डोकी आहेत. मारी काचेच्या कपाटावर आपटून हात कापून घेते आणि तापाने अंथरुणाला खिळते. पिर्लिपाट नावाच्या शापित राजकन्येची आणि कुणालाच न फुटणाऱ्या अक्रोडाची कथा तर कथेच्या पोटातली कथा आहे, आणि बाहुला बाहुला का झाला ते तिथेच कळतं. मारीचं कुणी ऐकत नाही, घरचे म्हणतात स्वप्न पडलं. ती हट्ट सोडत नाही, हाच कथेचा प्राण. १८४४ मध्ये अलेक्सांद्र द्युमाने ती फ्रेंचमध्ये गोड करून सांगितली आणि बॅलेवाल्यांनी ती गोड आवृत्ती उचलली.

परिणाम काय? पहिल्या अंकात चप्पल फेकून राजाला लोळवणारी मुलगी दुसऱ्या अंकात सिंहासनावर बसून पाहुण्यांचे नाच बघते. कथा मध्यंतराआधीच संपलेली असते. मला वाटतं म्हणूनच त्या नाचांना देशोदेशींचे मुखवटे लागले, आत सांगायला काही उरलंच नव्हतं. रशियात नृत्यरचनाकार वाइनोनेनने १९३४ मध्ये माशाला मोठी करून शेवटचा पा द दू तिलाच दिला, निदान तिला काम मिळालं. अमेरिकन नृत्यरचनाकार मार्क मॉरिसने १९९१ मध्ये ब्रुसेल्सला पिर्लिपाटची कथा परत आणली. बदल करायचाच तर एवढा करा. मिशा काढून रातकिडा आणणं म्हणजे गळक्या घराला रंग देणं.

आडगावचा_शहाणा:
चकलीबाई, पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं. हॉफमन परत आणायचा असेल तर माझा विरोध नाही, सात डोक्यांसकट आणा. सहा वर्षांची पोरं रडत बाहेर गेली तर तिकिटांचं वेंधळी बघतील.

बॅलेन्शिनचा मुद्दा मात्र पटला नाही. तो कर्ता होता, आपल्याच कामात बदल करत होता. आज समित्या बदल करतात, आणि त्या बदलांत कुणाची छाप दिसत नाही, फक्त सावधपणा दिसतो. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही: संगीताचं काय करणार?

मंद्र:
ते करून झालंय. १९६० मध्ये ड्यूक एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्नने अख्खी सूट जॅझमध्ये मांडली. शुगर प्लम फेरीची सेलेस्टा गेली, तिथे सॅक्सोफोन डुलत डुलत येतो. अरबी नाच ऐका, नंतर मूळ ऐका. चायकोव्हस्कीचं एक पानही फाटलेलं नाही.

आडगावचा_शहाणा:
ऐकलं. झकास आहे. पण ते सरळ एलिंग्टनच्या नावावर खपतं, आणि नाताळात सहा वर्षांच्या पोरीला मी ते बघायला नेत नाही. मिशा जाऊ देत, त्यांच्यासाठी मी भांडत नव्हतोच. टोप्याही जाऊ देत. बर्लिनसारखं कुलूप नको, आणि ट्रेपाकच्या उड्यांना हात लावायचा नाही.

निळावंती:
ट्रेपाक तुमचा. कॉफीचं बोला.

वेंधळी:
कॉफीचं मी सांगते. नव्या शाळेत तो नाच यंदा चार मुली आणि दोन मुलगे मिळून करतायत, हुक्का नाही, पोट उघडं नाही, हातात लांब रेशमी पट्टे. पहिल्या तालमीला सगळे पट्टे एकमेकांत गुंतले. माझी लेक त्यात नाही, ती स्नोफ्लेक आहे. गंपूची आई, तिकिटं स्वस्त हवी असतील तर मोठ्या कंपनीच्या मागे लागू नका, अशा गावातल्या शाळेच्या शनिवारच्या दुपारच्या खेळाला जा.