जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड : तुमचे अनुभव लिहा

घरचा डेस्कटॉप चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह आहे. रॅम १६ जीबी, एसएसडी टाकलेली, रोजच्या कामाला काही तक्रार नाही. लेकाला गेम हवेत, मला अधूनमधून व्हिडिओ कापायचे असतात. कार्डांची तुलना करणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण सगळे नव्याकोऱ्या प्रोसेसरवर केलेले. आपल्यासारख्यांच्या जुन्या कॅबिनेटमध्ये तेच कार्ड बसवलं की काय होतं, ते कोणी दाखवत नाही. म्हणून हा धागा. कोणतं घेतलं एवढंच नको. दुसरं का सोडलं तेही लिहा. ‘नवीन पीसीच घे’ हा सल्ला मेहुण्याने देऊन झालाय, तो सोडून.

बारा व्होल्ट

कार्डाचं नंतर बघू. आधी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि एसएमपीएसवरचं (वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं) लेबल वाचा. आमचा कॅबिनेटसोबत फुकट आलेला. मोठ्या अक्षरात ‘४५० वॉट’. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात मात्र १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव! कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः याच लाइनवर जगतात; ३.३ आणि ५ व्होल्टवरचे वॉट दाखवून आकडा फुगवलेला असतो. त्यात आय-फाइव्ह ४५९० एकटाच ८४ वॉटचा. उरलेल्या शंभरेक वॉटमध्ये पंखे आणि हार्ड डिस्कसुद्धा आल्या.

कार्ड बसतं तो मदरबोर्डचा पीसीआय-ई स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्यामुळे वेगळी वायर न लागणारी कार्डंच बघितली : एनव्हीडियाची १०५० टीआय, १६५०, आणि ३०५० चं ६ जीबीवालं. शेवटचं घेतलं, ते ७० वॉटचं आहे. पण सांभाळा, ८ जीबीचं ३०५० हे वेगळंच प्रकरण, १३० वॉट आणि वायर लागणारच. दुकानात दोघांनाही ‘३०५०’च म्हणतात. १६५० च्याही काही मॉडेलना ६ पिनचं कनेक्शन असतं, फोटो बघून खात्री करा. आमचा दुकानदार म्हणाला, “मोलेक्सचा कनव्हर्टर देतो की, काळजी कशाला?” मुळात वॉटच नाहीत तिथे नुसती पिन बदलणारा कनव्हर्टर काय करणार, डोंबल?

गावाकडचा

+१. यूपीएसही मोजा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुतेक ३६० वॉट, त्यात मॉनिटरही आला. आमच्याकडे लाइट जाणं रोजचंच. गेम चालू असताना गेली की यूपीएस किंचाळून बंद पडायचा. गेममध्ये फ्रेमची मर्यादा सेकंदाला ६० वर लावली, तेव्हापासून कार्ड वीज कमी खातं आणि सेव्ह करून बाहेर पडण्याइतका वेळ मिळतो.

भंगारातलं सोनं

आमचं मशीन कंपनीतून निघालेलं, बुटकं, आडवं ठेवायचं. त्यात पूर्ण उंचीचं कार्ड उभं राहतच नाही, लो प्रोफाइलच लागतं. पर्याय दोनच उरले : एएमडीचं नवं आरएक्स ६४०० किंवा जुनं १६५०.

६४०० ला फक्त ५३ वॉट लागतात, वायर नाही, वॉरंटी मिळते. पण ते चारच लेनवर (बोर्डशी डेटाची ये-जा करायच्या वाटांवर) चालतं. पीसीआय-ई ४.० वर भागतं, आमच्यासारख्या ३.० च्या बोर्डवर त्या चार लेनचा वेग निम्मा होतो आणि ४ जीबी मेमरी भरली की फटका बसतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोड करायची (रेकॉर्डिंग दाबून छोट्या फाइलमध्ये साठवायची) सोयच नाही. बहीण क्लासचे तास रेकॉर्ड करते, तिला तीच हवी होती. म्हणून १६५० घेतलं, सेकंडहँड.

विकणाऱ्याकडून छोटी पट्टी मागून घ्या. कार्डाच्या टोकाला स्क्रूने बसते ती लोखंडी पट्टी, उंच आणि बुटकी अशा दोन येतात. बुटकी नसेल तर कार्ड स्लॉटमध्ये बसतं, झाकण मात्र लागत नाही, आणि नुसती पट्टी शोधत फिरणं म्हणजे वैताग.

लॅमिंग्टन रोडचा फिरस्ता

सेकंडहँडवाल्यांसाठी. लॅमिंग्टन रोडला एकाने १०५० टीआय दाखवलं, भाव फारच गोड. मागे निळं व्हीजीए पोर्ट. तिथेच पाल चुकचुकली, कारण १० सिरीजच्या चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही. “लावून जीपीयू-झेड दाखवा” म्हटलं, कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर आहे ते. कार्डाच्या नावाआधीच ‘फेक’ असं आलं. जुन्या जीटीएस ४५०, ५५० टीआयसारख्या कार्डांचं बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नव्या नावाने खपवतात ती जात. नमस्कार केला आणि निघालो.

मायनिंगच्या (क्रिप्टो चलन काढायला वापरलेल्या) कार्डांना मात्र मी सरसकट नाही म्हणत नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग संपलं आणि एएमडीच्या आरएक्स ५८० सारखी कार्डं बाजारात ओतली गेली. चिप सहसा ठीक असते, पंखे झिजलेले असतात. बंद असताना पंखा बोटाने फिरवून बघा. खरखरला किंवा डुलला तर त्याचे पैसे कमी करून घ्या. दहा मिनिटं लोड देऊन तापमान बघू देत नसेल, तर घेऊ नका.

रेंडरवेडी

मी ब्लेंडरसाठी (थ्रीडी चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरसाठी) शोधत होते. ८ जीबीचं आरएक्स ५८० स्वस्तात मिळत होतं, सगळे म्हणाले उचल. पण २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या ब्लेंडर ३.० ने सायकल्समधून (त्याच्या रेंडर इंजिनातून) ओपनसीएल, म्हणजे अशा कार्डांवर रेंडर करायची सोय, काढून टाकलं आणि ५८० च्या पिढीला त्यात जागा राहिली नाही. गेमला चालेल, रेंडरला शून्य. घेतलं ३०६० चं १२ जीबीवालं. १७० वॉटचं, म्हणून एसएमपीएस नवा घ्यावाच लागला. प्रोसेसर अजून आय-सेव्हन ४७९० आणि त्याने काही अडत नाही, कारण सीन एकदा कार्डात चढला की पुढचं काम कार्डच करतं. गेमवाल्यांनी मात्र हे गणित लावू नये.

भाच्याचा मामा

नाहीच लावू नये. भाचा व्हॅलोरंट खेळतो, ‘कार्ड हवं’ म्हणून मागे लागला होता. शेजाऱ्याचं कार्ड एका रविवारी उसनं आणून लावलं. फ्रेम जेमतेम हलल्या. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभराला टेकलेला आणि कार्ड आरामात पडलेलं. त्याच सॉकेटचा जुना आय-सेव्हन आणला, रॅमची दुसरी कांडी लावून ड्युअल चॅनल (दोन्ही कांड्या एकदम चालतील असं) केलं. उसनं कार्ड परत केलं, आधीचं आहे तेच ठेवलं. भाच्याची कुरकुर थांबली, निदान त्या विषयावरची.

मास्तर

माझी गरज साधी. तिसऱ्या पिढीच्या मशीनवर यूट्यूब अडखळायचं, कारण व्हीपी९ चा (यूट्यूब व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून पाठवतं तिचा) सगळा भार प्रोसेसरवर. जीटी ७१० स्वस्त मिळतं, पण तेही व्हीपी९ उलगडत नाही. जीटी १०३० उलगडतं. त्यात जीडीडीआर५ मेमरीवालंच घ्या. त्याच नावाने डीडीआर४ वालं येतं आणि त्याच्या मेमरीचा वेग जवळपास एक-तृतीयांश असतो. कार्ड लावल्यावर पडदा काळा राहिला तर घाबरू नका, मदरबोर्डचं जुनं बायोस अपडेट करून बघा. आणि व्हीजीए मॉनिटरला साधी पिन चालणार नाही, अ‍ॅक्टिव्ह कनव्हर्टर (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा) लागतो.

पेंग्विन

वर १०५० टीआयचं नाव आलंय म्हणून. एनव्हीडियाने त्या पिढीचे गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठी कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत. असलेलं वापरत राहा. नव्याने पैसे घालायचे तर १६५० च्या खाली उतरू नका. लिनक्सवर असाल तर एएमडी बघा, ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो.

धागाकर्ता

मंडळी, झाकण काढलं. धूळ किती होती ते सांगत नाही. हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २३ सेंमी जागा आहे, म्हणजे तीन पंख्यांची लांबडी कार्डं बाद. लेबलवर १२ व्होल्टचे दोन रकाने आहेत, १२व्ही१ आणि १२व्ही२, दोन्हीत १४ अँपिअर. बेरीज करायची का?

बारा व्होल्ट

नाही. त्या दोघांच्या खाली मिळून किती वॉट ते छापलेलं असतं, तो आकडा बेरजेपेक्षा कमी असतो आणि तोच खरा. तो किती आहे?

धागाकर्ता

२८८.

बारा व्होल्ट

मग ६ जीबीचं ३०५० बिनधास्त. दोन पंख्यांचं बघा, पण मॉडेलची लांबी कंपनीच्या साइटवर मिलिमीटरमध्ये वाचून घ्या.