टीम लीड झालोय, आता नीट बोलायला कुठे शिकू?

हिंजवडीकर: नुकताच लीड झालो, कामाचं टेन्शन नाही पण क्लायंट कॉलवर मॅनेजरने मध्येच "तू सांग" म्हटलं की ततपप होते, आणि ज्युनियरला काही सुनवायचं तर एकतर गुळमुळीत नाहीतर एकदम खेकसल्यासारखं होतं. पुण्यात काही आहे का? महागडे वीकेंड वर्कशॉप नकोत.

कोथरूडची_मुलगी: टोस्टमास्टर्स बघ, लोकांसमोर बोलायचा सराव करायचे क्लब असतात, पुण्यात बरेच आहेत, आधी पाहुणा म्हणून जाऊन बस. त्यातलं टेबल टॉपिक्स तुझ्यासाठीच आहे, आयत्या वेळी विषय देतात, 1 ते 2 मिनिटं बोलायचं, हिरवा पिवळा लाल सिग्नल दाखवतात आणि एक जण फक्त तुझे "अं..." मोजत बसतो 😄 लाज वाटते पण सवय सुटते.

निवांत_काका: स्वयं या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर एनपीटीईएलचे (म्हणजे आयआयटीवाल्यांचे) सॉफ्ट स्किल्सचे, बोलण्या-वागण्याचे कोर्स आहेत, शिकणं फुकट, सर्टिफिकेट हवं तरच परीक्षेची फी. पण खरं सांगू, नुसते व्हिडिओ बघून तोंड उघडत नाही. ज्युनियरला "तू नेहमी असंच करतोस" म्हणू नकोस, "मंगळवारचा बिल्ड टेस्ट न करता गेला, त्यामुळे क्यूएवाले (टेस्टिंगची टीम) अडकले" एवढंच म्हण आणि गप्प बस, त्याला बोलू दे. चारचौघात नाही हां, टपरीवर चहाला ने.

हिंजवडीकर: भारी! पण काका, तो उलटून बोलला तर?

निवांत_काका: बोलू दे की. ऐकून घे, लगेच उत्तर द्यायची घाई कशाला. आणि पोरगं मराठी असेल तर मराठीतच बोल रे बाबा.