फुकटच्या सॉफ्टवेअरवर हक्क किती सांगायचा?

रात्रपाळी: एक्सझेड हे फाइली आवळणारं छोटं सॉफ्टवेअर लिनक्स या फुकट संगणक-प्रणालीच्या बहुतेक आवृत्त्यांत असतं. फिनलंडचा लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्यानं सांभाळत होता. २०२२ मध्ये लोक त्याच्या मागे लागले: दुरुस्त्या कधी घेणार, जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. आपली मानसिक तब्येत बरी नाही, हे बिनपगारी छंदाचं काम आहे, असं त्यानं सांगितलंही. शेवटी ‘जिया टॅन’ नावानं मदतीला आलेल्याच्या हाती किल्ल्या गेल्या आणि २०२४ मध्ये ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा, म्हणजे परक्याला गुपचूप संगणकात शिरू देणारी वाट, निघाला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं खोदून पाहिलं, म्हणून वाचलो. तगादा लावणारेही त्याच कटातले असावेत असा संशय आहे. पण तेव्हा तो तगादा कुणाला खटकला नाही, कारण असा तगादा रोजचाच. पैसे दिले नसतील तर विनंती करा, मागणी नको.

अक्षरजुळणी: नाही पटत. मी डीटीपी करते. एका मुक्त (कुणीही फुकट वापरावं, बदलावं अशा) सॉफ्टवेअरच्या पीडीएफमध्ये ‘कऱ्हाड’मधला र तुटायचा, आणि पत्रिका कऱ्हाडच्याच लग्नाची! आवृत्ती, फाँट, स्क्रीनशॉट असं सगळं जमवून कळवण्यात माझी अख्खी दुपार गेली. उत्तर आलं, “फुकट आहे ना?” ‘वापरा, वापरा’ म्हणून तुम्हीच बोलावता. मग माझ्या दुपारचे पैसे कोण धरणार?

रात्रपाळी: ते उत्तर चुकीचंच. तुमच्यासारखी नोंद आली तर मी रात्र जागून काम करीन. मी फोनसाठी फुकट मराठी कीबोर्ड करतो, त्यावर येतं ते असं: रात्री दीडला, “सकाळपर्यंत करा, ऑफिस अडलंय.” कोणता फोन, काय बिघडलं, काही नाही.

खतावणी: दोघंही एकमेकांच्याच खिशात बघताय. २०१४ मध्ये इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ हा मोठा दोष सापडला, तेव्हा त्याला वर्षाकाठी जेमतेम २००० डॉलर देणगी मिळायची, आणि वापरणाऱ्यांत जगातल्या बड्या कंपन्या! बोभाटा झाल्यावरच त्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत पैसे काढले. आपल्याकडे झिरोधा या शेअर दलाली कंपनीनं २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा ‘फ्लॉस/फंड’ हा निधी जाहीर केला. ज्यांचा धंदा यावर चालतो त्यांनी असंच द्यावं.

रात्रपाळी: कंपन्यांनी द्यावंच. पण मला पगार नकोय. कीबोर्ड मी आईसाठी केला, तिला ‘ज्ञ’ सापडत नव्हता. निधी घेतला की तारखाही पाळाव्या लागतील.

अक्षरजुळणी: मग पहिल्या पानावर तसं लिहा ना! एकटा आहे, आठवड्याला दोनच तास मिळतात. लोक त्या बेतानं विसंबतील. ‘मागणी नको’ मला अजूनही मान्य नाही. कीबोर्ड पाठवा, त्यात ‘ऱ्ह’ नीट उमटतो का ते आज बघते.