बथशेबाची आंघोळ आणि ख्रिस्ताचा बाप्तिस्मा: चित्रकाराचा साचा एकच?

शाईदौत:
युरोपातल्या मध्ययुगीन सचित्र पोथ्यांमधली आंघोळीची आणि बाप्तिस्म्याची चित्रं शेजारी शेजारी लावून बघतोय. माझं मत: साचा एकच. ख्रिस्त यार्देन नदीत, काठावर देवदूत त्याचे कपडे धरून उभे. बायबलातली बथशेबा (उरियाची बायको, जिला आंघोळ करताना पाहून दावीद राजा भुलला) कुंडात, काठावर दासी पंचा घेऊन उभ्या. पंख झाकले की देवदूताची दासीच होते. फ्रान्सच्या राजांच्या बखरींत ख्रिस्ती झालेल्या क्लोव्हिस राजाचा बाप्तिस्मा बघा. डोक्यावर मुकुट, अंगावर चिंधी नाही आणि महाराज घंगाळात! वरून कबूतर तेलाची कुपी आणतंय म्हणून बाप्तिस्मा म्हणायचं, एवढंच.

झारीतला_शुक्राचार्य:
साफ अमान्य. माणसं सोडा, पाणी बघा. कितीतरी पोथ्यांत यार्देनचं पाणी ढिगासारखं ख्रिस्ताच्या कमरेपर्यंत चढतं. दहाव्या शतकातल्या इंग्लंडच्या बिशप एथेलवोल्डच्या पोथीत तर नदीच म्हाताऱ्याच्या रूपात बसलीय. आता फ्रेंच चित्रकार बूर्दिशोंने १४९८-९९ मध्ये फ्रान्सचा राजा बाराव्या लुईसाठी काढलेली बथशेबा बघा. पाणी काचेसारखं, काही म्हणजे काही झाकत नाही आणि मागे खिडकीत दावीद राजा. एकीकडे पाणी अंग झाकायला, दुसरीकडे दाखवायला.

मोडीवाचक:
शुक्राचार्य, इटलीतल्या रव्हेनाच्या बाप्तिस्मागृहांतलं मोझेक (रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र) बघितलंत का? तिथेही पाण्यातून ख्रिस्ताचं अख्खं शरीर दिसतं. पाण्यावरून निवाडा होत नाही.
आणि बथशेबाची आंघोळ म्हणजे बाप्तिस्मा, हे तेराव्या शतकातल्या पॅरिसच्या सचित्र बायबलांतच सांगितलंय. दावीद म्हणजे ख्रिस्त, बथशेबा म्हणजे चर्च. ज्याची बायको पळवली तो बिचारा उरिया म्हणजे सैतान! (नवऱ्याचं नशीब.)

झारीतला_शुक्राचार्य:
मोझेक म्हणजे पोथी नव्हे, पण असो. तो अर्थ पंडितांनी चिकटवलेला. प्रार्थनापोथ्यांत दाविदाच्या नावावर असलेल्या पश्चात्तापाच्या सात स्तोत्रांच्या सुरुवातीला आधी बहुतेक वेळा गुडघे टेकून क्षमा मागणारा दावीद असायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याच जागी नाहणारी बथशेबा येऊ लागली. पाप दाविदाचं, कपडे मात्र तिचे उतरवले. यात कसला आलाय बाप्तिस्मा?

नर्मदेकाठी:
सगळीकडे धर्म कशाला? चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली मानेसे पोथी, म्हणजे जर्मन प्रेमकवितांचा सचित्र संग्रह, उघडा. पिकल्या केसांचा कवी याकोब फॉन वार्टे लाकडी टबात बसलाय, पाण्यावर फुलं तरंगतायत. एक बाई डोक्यावर फुलांची माळ ठेवते, दुसरी पेला पुढे करते, तिसरी हात चोळून देते. चौथी खाली भाता मारून पाणी तापवते. मला आजोळचा बंब आठवला. हिच्यासाठी कुणी कविता केली असेल तर सांगा.

शाईदौत:
स्तोत्रांच्या पानाचा मुद्दा घेतला, तो माझ्या नजरेतून सुटला होता. पण पंचा काही मी सोडत नाही. आणि नर्मदेकाठी, त्या टबातून म्हातारबांना उचलून तिथे क्लोव्हिसला बसवा बरं, कबूतर न दाखवता. ओळखाल?